माईक बंद होईपर्यंत

चार वर्षांपूर्वी, मृग निघायच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी, आंध्रच्या किनाऱ्यावरून उडालेलं एक रॉकेट तिसऱ्या टप्प्यात भरकटलं आणि समुद्रात पडलं. मी तिथल्या प्रेक्षक गॅलरीत होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर मोहीम फसल्याची बातमी होती, आणि त्याच अंकाच्या धाराशिव पानावर मोहीम यशस्वी झाल्याची. ती दुसरी बातमी माझी. पुढे दोन दिवसांनी खुलासा आला.

एवढं छापलेलं आहे. उरलेलं मी कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोला नाही, रोज ज्यांच्यासोबत चहा पितो त्या सहकाऱ्यांना नाही. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला चेहऱ्याने ओळखत नाही, म्हणून असेल. माहीत नाही.

मी धाराशिवचा जिल्हा प्रतिनिधी. टँकरच्या फेऱ्या, अपघात, जिल्हा परिषदेच्या सभा, नवरात्रातली तुळजापूरची गर्दी – वीसेक वर्षं हेच लिहीत आलो. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, विशेषणं काढ. मी आयुष्यभर काढली. हेही तसंच लिहायचा प्रयत्न करतो आहे. जमेलच असं नाही, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याचा मला राग येतो. चार वर्षांत तो कमी झालेला नाही. तो माणूस मी आहे.

बेंबळीच्या गयाबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, जेवू घालायचं, भांडी घासायची. घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. नवरा वीटभट्टीवर होता, तो मुलगा शाळेत असतानाच गेला. मुलगा मिलिंद. तो शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाला आणि रॉकेट उडवणाऱ्या केंद्रात लागला. त्याच्या निवडीची बातमी मीच केली होती. ती त्याने लॅमिनेट करून घरात लावली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या खाली बापाचा फोटो आणि त्याखाली माझी बातमी. हे लक्षात ठेवा. माझ्या शब्दाला त्या घरात काय जागा होती, ते पुढे लागेल.

ही नावं मी इथे बदलली आहेत. चार वर्षांपूर्वी छापताना बदलली नव्हती.

मिलिंद ज्यावर काम करत होता ते रॉकेट उडणार होतं. आईने ते डोळ्यांनी बघावं अशी त्याची इच्छा. पण त्याची ड्युटी आदल्या दिवसापासून, फोन आत जमा, बाहेर येता येणार नाही. आईला आणणार कोण? त्याने मला फोन केला. ‘सर, तुम्ही बातमीसाठी येणार असाल तर तुमचाही पास काढतो. फक्त आईला सांभाळून आणा.’ मी लगेच हो म्हणालो. अशी बातमी जिल्ह्यात रोज मिळत नाही. वर आपण एका गरीब बाईला लेकाचं रॉकेट दाखवायला नेतो आहोत, हा मोठेपणाही होता. तो मोठेपणा आठवला की अजून तोंड कडू होतं.

आम्ही सोलापूरहून रेल्वेने निघालो. गयाबाईंनी धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती, माझ्या वाटणीची वेगळी. मी त्यांना मावशी म्हणत होतो, त्या मला भाऊ.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. आमचं जिल्हा पान लवकर बंद होतं. छापखाना सोलापुरात, तिथून गाड्या खेड्यापाड्यांत जायच्या असतात, म्हणून पहिलं पान उशिरापर्यंत उघडं ठेवतात आणि जिल्ह्याची पानं आधी मशीनवर चढवतात. संध्याकाळी उडणाऱ्या रॉकेटची बातमी त्यात बसवायची तर एकच उपाय – आधी लिहून ठेवायची. सगळेच करतात. निकालाच्या दोन बातम्या तयार असतात, सभेची गर्दी सभेआधी लिहिलेली असते. मी गाडीतच मोबाइलवर बातमी लिहून काढली. रॉकेट झेपावलं, आईचे डोळे भरून आले, आणि आई म्हणाली, ‘माझ्या लेकानं आभाळ गाठलं, माझ्या जन्माचं सोनं झालं.’

समोरच्या बाकावरून गयाबाईंनी विचारलं, ‘काय लिव्हायलाव भाऊ, एवढं?’

मी वाचून दाखवलं. त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

‘म्या कवा म्हणलं हे?’

‘म्हणालच की मावशी. उद्या रॉकेट उडालं की.’

‘आन् न्हाय म्हणलं तर?’

‘तर मी म्हणून घेतो तुमच्या वतीनं.’

‘म्हंजे म्या काय बोलावं ते बी तुमीच ठरवणार व्हय! बरंय बाई, माझं तोंड दुखायचं वाचलं.’

वरच्या बर्थवरचा माणूससुद्धा हसला. मीही हसलो. मजकूर पाठवला, सोबत त्यांचा खिडकीशी बसलेला फोटो पाठवला. बातमी पानात लावून तयार झाली. आता फक्त रॉकेट उडायचं आणि मी सोलापूरला ‘पान सोडा’, म्हणजे छापायला घ्या, एवढा निरोप द्यायचा.

तुम्ही कधी प्रत्यक्ष रॉकेट उडताना पाहिलं आहे का? गॅलरी म्हणजे क्रिकेटच्या मैदानासारख्या सिमेंटच्या पायऱ्या. त्या दिवशी वर छत नव्हतं, पायऱ्या तापलेल्या, समोर झुडपं आणि पाणथळ, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे कुठेतरी प्रक्षेपण तळ – आमच्या जागेवरून एक बारीक उभी रेघ. मोठे पडदे. खांबांवर भोंगे. कॉलेजची मुलं, टोप्या घातलेली कुटुंबं, गालांवर तिरंगा रंगवलेली पोरं. गयाबाई पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर, मांडीवर पाण्याची बाटली. पोरं मोजली की त्या अंगणवाडीत जशा बसकण मारतात, तशाच बसलेल्या. आकडे उलटे मोजायला सुरुवात झाली तसा सगळा समुदाय ओरडायला लागला. गयाबाई ओरडल्या नाहीत.

आधी उजेड दिसला. आवाज नाही. रॉकेट झाडांच्या बरंच वर आलं तरी आवाज नाही, आणि मग तो आला – कानाला नाही, छातीला लागला, खालची पायरी थरथरली. त्याच्या मागे धुराचा जाड खांब उभा राहिला. थोड्या वेळात ते ढगात शिरलं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मी गयाबाईंकडे पाहिलं. बातमीत लिहिलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांत नव्हतं. त्या भोंग्याकडे बघत होत्या.

आणि लोक उठायला लागले. परतीचा रस्ता अरुंद, हजारो गाड्या. जो आधी निघेल तो आधी पोचेल. भोंग्यावर इंग्रजीत एक आवाज शांतपणे एकेक टप्पा सांगत होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दिसेनासं झालं म्हणजे झालं, असंच सगळ्यांनी धरलं होतं. मीही.

‘चला मावशी, गर्दी होईल.’

‘बसा की भाऊ. आजून बोलायलेत.’

‘ते बोलतच राहतात. गेलं ना वर.’

‘मिलिंदनं सांगितलंय. वर गेलं म्हंजे झालं न्हाय म्हणला. शेवटाला मोठे सायब बोलतेत, त्यायचं होऊन माईक बंद होईस्तोवर उटू नको म्हणला.’

मी त्यांना काय म्हणालो असेन? शब्द मला पक्के आठवतात. ‘मावशी, तुमचं रॉकेट थांबेल, माझं पान थांबणार नाही.’ आणि मी मोबाइल काढून निरोप टाकला – यशस्वी, पान सोडा. त्यांच्यासमोर. त्या ‘थांबा’ म्हणत असताना.

मग मी त्यांना तिथेच बसवून गाडी बघायला वाहनतळाकडे गेलो. रिक्षावाल्याशी घासाघीस केली, त्याला थांबवलं आणि त्यांना न्यायला परत आलो. तोवर पायऱ्या बहुतेक रिकाम्या झाल्या होत्या. ठिकठिकाणी चिप्सची पाकिटं. तिथे काम करणारे काही लोक पडद्यासमोर हाताची घडी घालून उभे होते, आणि भोंग्यावर दुसराच आवाज होता, वयस्कर. तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आहे, मोहीम पूर्ण होऊ शकलेली नाही, आम्ही माहितीचं विश्लेषण करत आहोत. गयाबाई होत्या तिथेच बसलेल्या. इंग्रजी त्यांना येत नाही. पण त्यांना कळलं होतं.

‘सायबाचा आवाज पडलाय. काय म्हणले?’

‘बिघाड झाला म्हणतात.’

‘माझ्या पोराकडून काय चुकलं का?’

‘नाही मावशी.’

‘तुमाला काय ठाव?’

माईक बंद झाला. मग त्या उठल्या.

इथपर्यंत जे झालं त्याला तुम्ही चूक म्हणाल. घाई म्हणाल. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. पण पुढे ऐका.

माझा निरोप गेला आणि लगेच गॅलरीतलं नेटवर्क गेलं, हजारो फोन एकदम चालू होते. रेल्वे स्टेशनवर आलो तेव्हा नेटवर्क आलं. त्या वेळी आमचं पान मशीनवर चढलेलं नव्हतं – हे मी नंतर छापखान्यातून विचारून घेतलं. एक फोन, आणि पान थांबलं असतं. फोन माझ्या हातात होता. मी केला नाही. केला असता तर ‘मग आधी निरोप कशाच्या जोरावर टाकलास’ हा प्रश्न आला असता. मी स्वतःला सांगितलं, पहिल्या पानावर ही बातमी येणारच, तेव्हा डेस्कवरच्या कुणाच्या तरी लक्षात येईल. कुणाच्याही लक्षात आलं नाही. फलाटावर उभं राहून मी दोन चहा घेतले. एक गयाबाईंना दिला. त्यांनी तो घेतला नाही, त्या बंद फोन असलेल्या मुलाला परत परत फोन लावत होत्या.

आम्ही सोलापूरला उतरलो तोवर व्हायचं ते झालं होतं. कुणीतरी पहिल्या पानाचा आणि जिल्हा पानाचा फोटो शेजारी शेजारी जोडून व्हॉट्सअॅपवर सोडला होता. वर लिहिलं होतं, ‘एकाच पेपरात बुडालं पण, उडालं पण’. जिल्हाभर फिरत होतं ते. बेंबळीत ग्रामपंचायतीसमोर सकाळी सकाळी अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता – गावच्या पुढाऱ्याचा चेहरा मोठा, मिलिंदचा लहान – आणि दुपारी उतरवला होता.

फलाटावरच आवृत्तीप्रमुखांचा फोन आला. मी गयाबाईंना म्हणालो, ‘मावशी, जरा बॅग बघता का,’ आणि चार पावलं बाजूला झालो. त्या माझी बॅग दोन पायांत धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या खांद्याला त्यांची पिशवी.

‘तू तिथं होतास की नव्हतास?’ आवृत्तीप्रमुखांनी विचारलं.

‘होतो.’

‘मग यशस्वी कुणी सांगितलं तुला? आकाशवाणी झाली?’

मी वळून पाहिलं. त्या माझ्या बॅगेवर बसू पाहणाऱ्या एका माणसाला हटकत होत्या – ‘ओ, लोकाची हाय ती.’

आणि मी म्हणालो, ‘तिच्या मुलाचा तिला आतून फोन आला होता. ती म्हणाली, झालं, यशस्वी झालं. मी तिच्यावर विश्वास ठेवला.’

मग आवृत्तीप्रमुख म्हणाले, ‘बरं. म्हणजे सोर्सची चूक.’ त्यांचा आवाज सैल पडला. माझाही.

मी तिचंच नाव का घेतलं? नेटवर्क नव्हतं म्हणता आलं असतं, केंद्राच्या माणसाने सांगितलं म्हणता आलं असतं. पण केंद्राकडून खंडन आलं असतं. तिच्याकडून काय येणार होतं? वकिलाची नोटीस? मोर्चा? मी हा हिशेब केला, आणि करायला मला एक क्षणही लागला नाही. बुद्धविहारामागच्या गल्लीतली, खिचडी शिजवणारी बाई. तिच्या शब्दाला वजन नाही, हे मला शिकवावं लागलं नव्हतं. ते मी जन्मापासून शिकलेलो होतो. सामाजिक न्यायाच्या किती बातम्या मी लिहिल्या असतील! जयंतीच्या पुरवण्या काढल्या. आणि गळ्याशी आलं तेव्हा माझा हात बरोबर तिथेच गेला, जिथे माझ्या आज्याचा गेला असता.

खुलासा जिल्हा पानावर तळाला आला. ‘प्रक्षेपण यशस्वी झाल्याची माहिती संबंधित अभियंत्याच्या आई गयाबाई यांनी, मुलाचा दूरध्वनी आल्याचे सांगून आमच्या प्रतिनिधीस दिली होती. सदर महिलेने दिलेल्या माहितीची खातरजमा होऊ न शकल्याने चूक घडली. दिलगीर आहोत.’ ‘सदर महिला’. समोर मावशी. धपाटे खाताना मावशी.

त्यानंतर बेंबळीत काय झालं ते मला अंगणवाडी सेविकेने सांगितलं, त्या तिथे गयाबाईंसोबत रोज असतात. गयाबाई पोरं आणायला गेल्या की लोक ओट्यावरून विचारायचे, ‘काय गयाबाई, आज कुठून फोन? चंद्रावरून का?’ एस.टी.त कंडक्टर म्हणायचा, ‘मावशी, मिलिंदला फोन करून विचारा की, पाऊस कवा पडायचा.’ त्या आधी उत्तर द्यायच्या. खवचट उत्तरं त्यांनाही येतात – एकाला म्हणाल्या, ‘विचारलं. म्हणला, तुज्या डोक्यावर तेवढा पडणार न्हाय, उगवायला काय न्हायच तिथं.’ मग उत्तर द्यायच्या बंद झाल्या.

हे सोसता आलं असतं. खरं नुकसान दुसरीकडे झालं.

केंद्रात मिलिंदला विचारणा झाली, हेही सेविकेकडूनच कळलं. प्रक्षेपणाच्या वेळी फोन आत न्यायला मनाई, मग आईला फोन कुणी केला? त्याचा फोन फाटकावर जमा होता, हे दिसून आलं आणि ते प्रकरण तिथे मिटलं. पण मिलिंदसाठी मिटलं नाही. फोन आपण केला नव्हता हे त्याला पक्कं माहीत होतं. मग उरलं काय? आईने थाप मारली. पेपरात नाव यावं म्हणून, गावात मिरवावं म्हणून, त्याच्या नोकरीचा विचार न करता. त्याने तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, म्या काय बी म्हणलं न्हाय रे. तो म्हणाला, ‘छापून आलंय, आई. सरांनी छापलंय.’

सरांनी. भिंतीवर लावलेल्या सरांनी.

त्याने बोलणं टाकलं नाही. पैसे पाठवत होता, तब्येत विचारत होता. पण कामाबद्दल तिला एक शब्द सांगेना. दिवाळीच्या सुट्टीत आला नाही. जिला त्याने माईक बंद होईपर्यंत उठू नको म्हणून सांगितलं होतं, आणि जी त्या अख्ख्या गॅलरीत एकटी तसं वागली होती, तिच्यावरच त्याचा विश्वास राहिला नाही.

आता मुद्द्याशी येतो. इतका वेळ इकडूनतिकडून फिरतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

दिवाळीनंतर एके दिवशी गयाबाई धाराशिवला आमच्या कार्यालयात आल्या. भर दुपार होती, मी एकटाच होतो. त्यांना बघताच मी खुर्चीतून उठलो – आदराने नाही, भीतीने. आता ओरडतील, शिव्या देतील. मी त्याची तयारी केली होती, उत्तरं तयार होती. त्या बाकड्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या,

‘भाऊ, तुमची बी नोकरी हाय. तुमी काय म्हणून तसं छापलं ते म्या इचारत न्हाय. पेपरात बी काय लिव्हू नका आता. गाव हसायचं ते हसलं. एक काम करा. माझ्या पोराला येक फोन लावा आन् एवढंच सांगा, तुजी आय तसं म्हणली न्हवती. तुमचं त्यो ऐकतो.’

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. कुठल्या वाक्यात कोण खोटं बोललं, का बोललं, सगळं. आणि त्या एवढंच मागत होत्या.

मी ‘हो’ म्हणालो. ‘आत्ता लावतो मावशी.’ मोबाइल काढला. मिलिंदचा नंबर माझ्याकडे होताच, तरी त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणलेला पुढे केला. मी स्क्रीनवर बोट फिरवलं. नंबर लावला नाही. काहीच लावलं नाही. काळ्या पडद्याचा फोन मी कानाला धरला, थोडा वेळ थांबलो, कपाळाला आठी घातली आणि म्हणालो, ‘बंद येतोय.’

त्या माझ्याकडे बघत होत्या. मग मान हलवली. ‘आसंल. त्येचा फोन तितं बंदच असतोय.’

माझ्या खोटेपणाला त्यांनीच कारण पुरवलं. ‘परत लावा सवडीनं,’ म्हणाल्या. पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले धपाटे काढून टेबलावर ठेवले आणि एस.टी. पकडायला गेल्या. मी लावतो म्हणालो होतो. त्या दिवशी लावला नाही, त्या आठवड्यात लावला नाही, त्या वर्षी लावला नाही.

पान सोडलं ती घाई होती. फलाटावर बोललो ती भीती होती. पण हे? हे तर थंड डोक्याने केलं. कुणी जाब विचारत नव्हतं, नोकरी जात नव्हती, पान बंद होत नव्हतं. दुपारची वेळ, डोक्यावर पंखा, समोर बसलेली बाई – आणि मी तिच्यासमोर मुका फोन कानाला लावून नाटक केलं. मिलिंदने उचलला असता तर माझ्या तोंडून एक वाक्य गेलं असतं आणि त्याच्या घरातल्या भिंतीवरून मी उतरलो असतो. बस, एवढ्यासाठी. एका लॅमिनेट केलेल्या कात्रणासाठी मी एका आईचा शब्द मारला.

आणि धपाटे? ते मी खाल्ले. वाया कशाला घालवायचे म्हणून.

त्यानंतर मी काय केलं, तेही सांगायला हवं. पत्रकारितेच्या मुलांसमोर मला व्याख्यानाला बोलावतात. विषय, ‘बातमीची खातरजमा’. मी जातो. एका स्रोतावर विसंबू नका, म्हणतो. दोन ठिकाणांहून खात्री करा. खुलासा छापायची वेळ आली तर तो मोठ्या मनाने छापा. मुलं लिहून घेतात. एकदा एका मुलीने विचारलं, ‘सर, तुमची कधी बातमी चुकली का?’ मी म्हणालो, ‘एकदा. सोर्सनं चुकीचं सांगितलं.’ इतकी वर्षं बोलून बोलून ते वाक्य आता अडखळत नाही.

यंदा तसंच रॉकेट पुन्हा उडालं, आणि ते यशस्वी झालं. मिलिंदने आईला पास पाठवला नाही. अंगणवाडीत सेविकेच्या मोबाइलवर गयाबाईंनी ते बघितलं. रॉकेट ढगाआड गेल्यावर सेविका मोबाइल बंद करायला गेल्या, तेव्हा गयाबाईंनी त्यांचा हात धरला. हे सेविकेने मला सांगितलं, दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता तेव्हा, सहज.

इथपर्यंतचा मजकूर मी परवा लिहून पूर्ण केला. छापायला देण्याआधी काल सकाळी मिलिंदला फोन लावला, त्याच नंबरवर. तो बंद नव्हता. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. मी गॅलरी, फलाट आणि कार्यालयातली ती दुपार, याच क्रमाने सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, ‘फोन लावल्यासारखं केलंत तेव्हा आई समोर होती?’ मी हो म्हणालो. त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी मी बेंबळीच्या अंगणवाडी सेविकेकडे चौकशी केली. दुपारी पोरांची जेवणं चालू असताना गयाबाईंना मुलाचा फोन आला होता. बोलत तोच होता. खिचडीचं पातेलं चुलीवर तसंच होतं आणि पोरं ताटल्या वाजवत होती. सेविकेने त्यांना दोनदा हाक मारली. पलीकडचं बोलणं संपून फोन बंद होईपर्यंत गयाबाई जागच्या उठल्या नाहीत.